मधल्या सुट्टीतला तराजू

"नमस्कार ताई. मी वसईच्या एका शाळेत इतिहास शिकवते. आम्ही कॅथलिक. शाळेतली माझी सर्वांत जवळची मैत्रीण मुरूडकडची, कोकणी मुसलमान. ती गणित शिकवते. १४ वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून डबा खातोय. गेल्या महिन्यात माझ्या भावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, 'येशू आणि महंमद : पाच फरक'. एकाने कधी तलवार धरली नाही, दुसऱ्याने लढाया केल्या. एक धर्म प्रेमाने पसरला, दुसरा तलवारीने, अशा धर्तीचा. पाचवा मुद्दा पैगंबरांच्या घरसंसाराबद्दल होता. मी शेवटपर्यंत न वाचता तो स्टाफच्या ग्रुपवर पुढे पाठवला. तिने तिथेच उत्तर दिलं, की एका अमेरिकन लेखकाच्या शंभर प्रभावी माणसांच्या यादीत आमचे पैगंबर पहिले आहेत, तुमचे येशू तिसरे. मग मीही काहीबाही लिहिलं. आता ती डबा घेऊन लायब्ररीत बसते. मेसेजमधलं खरं किती? आणि या दोघांची तुलना करायचीच झाली तर न्यायाने कशी करायची? मला तिला नीट उत्तर द्यायचं आहे." – एक शिक्षिका, वसई

प्रिय बाई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीन-चारदा वाचलं. तिला उत्तर द्यायचं आहे, असं तुम्ही म्हणता. पण तिने तुम्हाला काही विचारलेलंच नाही. ज्यांचं नाव घेतलं की ती 'सलाम असो' म्हणते, त्यांच्याबद्दलचा तो मजकूर तिने सगळ्या स्टाफच्या देखत वाचला, आणि पाठवणारीचं नाव तुमचं होतं. तिच्याकडे कसं जायचं ते शेवटी सांगते. पण खरं किती, हे तुम्ही मनापासून विचारलंय आणि तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून तो भाग टाळणार नाही.

आधी तिची यादी. ती यादी खरी आहे. मायकेल हार्ट या अमेरिकन लेखकाने ती १९७८ साली छापली. पहिले महंमद पैगंबर, दुसरा न्यूटन, तिसरे येशू. मात्र ही यादी थोरवीची नाही, प्रभावाची आहे. हिटलरही तिच्यात आहे. आणि येशू तिसरे का, याचं जे कारण हार्ट देतात ते तुम्हा दोघींच्याही कामाचं आहे. त्यांचं म्हणणं असं, की ख्रिस्ती धर्म उभा राहण्याचं श्रेय एकट्या येशूंना देता येत नाही, त्यातला मोठा वाटा येशूंनंतर तो धर्म दूरवर नेणाऱ्या संत पौलाचा आहे. पौल त्याच यादीत सहावा आहे.

इथे आपण 'संस्थापक' या शब्दापाशी येतो, आणि मला वाटतं सगळी गडबड या शब्दापासून सुरू होते. येशू यहुदी म्हणून जन्मले, यहुदी म्हणून जगले, सभास्थानात शिकवलं, यहुद्यांचा वल्हांडण सण पाळला. 'ख्रिस्ती' हे नाव शिष्यांना पहिल्यांदा अंत्युखिया (अँटिओक) शहरात मिळालं, ते त्यांच्यानंतर. साधारण इ.स. ४९ च्या सुमारास जेरुसलेमला बैठक भरली, आणि यहुदी नसलेल्यांनी सुंता न करताही या वाटेवर यावं, असं ठरलं. त्या निर्णयामागे पौलाचा आग्रह होता. तो निर्णय उलटा लागला असता तर हा पंथ यहुदी धर्माचीच एक शाखा म्हणून राहिला असता, अशी दाट शक्यता आहे. तिकडे तुमच्या मैत्रिणीला विचारून पाहा, 'तुमच्या धर्माचे संस्थापक कोण?' मन लावून दीन, म्हणजे धर्म, शिकलेली मुलगी असेल तर ती 'महंमद' म्हणणार नाही. ती म्हणेल, हा तर हजरत इब्राहिमांचाच धर्म, आदमपासून चालत आलेला. पैगंबर हे शेवटचे सांगणारे. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ज्या दोघांना 'संस्थापक' म्हणून शेजारी उभं केलं, त्यांच्यातल्या एकालाही त्या सरळ अर्थाने संस्थापक म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. धर्मांचे अभ्यासक एक गोष्ट फार पूर्वीपासून सांगत आलेत, आणि ती मला स्वतःला कळली तेव्हा बरंच काही उलगडलं. ख्रिस्ती माणसाच्या मनात येशूंची जी जागा आहे, ती मुसलमानाच्या मनात महंमदांची नाही. ती कुराणाची आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकात, पहिल्याच अध्यायात येतं की शब्द देह झाला. इस्लामी श्रद्धेत ईश्वराचा शब्द ग्रंथ झाला. त्या हिशेबाने पैगंबरांची जागा शोधायची तर ती कुठेतरी मारियामातेजवळ येते: जिच्यामार्फत शब्द जगात आला, ती. मुसलमान परंपरा पैगंबरांना निरक्षर म्हणते आणि तुम्ही मारियेला कुमारी म्हणता. यामागची भावना एकच आहे, की आलं ते वरून आलं, त्यात माणसाची कारागिरी नव्हती. हे एकदा ध्यानात आलं की 'येशू विरुद्ध महंमद' हा तक्ता मांडताच येत नाही. एका पारड्यात ज्याला देव मानलंय तो, दुसऱ्यात ज्याने 'मी तुमच्यासारखाच माणूस आहे' असं बजावून सांगितलं तो. मग तुलना कसली करणार?

पण माणूस म्हणून, इतिहासातली माणसं म्हणून, दोघांकडे बघता येतं. बघायलाही हवं. तुम्ही नववीच्या मुलांना साधनं तपासायला शिकवता, तेच इथे करायचं. येशूंबद्दलची सर्वांत जुनी लिखाणं म्हणजे पौलाची पत्रं, साधारण इ.स. ५० पासूनची. चारही शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते ७० ते १०० या काळातली, ग्रीक भाषेतली. येशू स्वतः बोलले अरामीत. पैगंबरांच्या बाबतीत कुराण त्यांच्या हयातीत मुखोद्गत होतं, आणि मुस्लिम परंपरेनुसार खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या आसपास, त्याची प्रमाण प्रत झाली. मात्र कुराण हे चरित्र नाही. चरित्र लिहिलं इब्न इसहाक यांनी. ते ७६७ च्या सुमारास वारले, आणि आपल्या हाती आहे ती इब्न हिशाम यांनी त्यावरून तयार केलेली आवृत्ती. म्हणजे एकाच्या बाबतीत चाळीस-साठ वर्षांचं अंतर, दुसऱ्याच्या बाबतीत शतकाहून जास्त. 'तुमचं ऐकीव, आमचं पक्कं' असं म्हणायची सोय दोघींनाही नाही.

आता तलवार. ख्रिस्तांनी तलवार धरली नाही, हे शुभवर्तमानांवरून खरं आहे. गेथशेमनेच्या बागेत शिष्याने तलवार काढली तेव्हा ती म्यानात घालायला लावली. पैगंबरांनी लढाया लढल्या, हेही खरं: ६२४ ला बद्र, पुढच्या वर्षी उहुद, ६२७ ला खंदक. मेसेजवाला इथे थांबतो, आणि त्याचा अन्याय इथेच आहे. येशूंचं जाहीर कार्य जेमतेम एक ते तीन वर्षांचं, रोमन सत्तेखालच्या प्रदेशात. त्यांच्या हाती ना गाव होतं, ना न्यायालय, ना खजिना. पैगंबरांनीही मक्केत बारा-तेरा वर्षं शस्त्राशिवायच उपदेश केला. छळ सोसला, कुळावरचा बहिष्कार सोसला, ६१९ मध्ये पत्नी खदिजाबी आणि पाठीशी उभे राहिलेले चुलते अबू तालिब दोघंही गेले. ६२२ मध्ये ते मदिनेला गेले तेव्हा आपसांत भांडणाऱ्या टोळ्यांनी त्यांना निवाडा करायला बोलावलं होतं. तिथून पुढची दहा वर्षं ते न्यायाधीश होते, तह करणारे होते, सेनापती होते. त्यांची तुलना करायचीच तर ती मोशेशी आणि दावीद राजाशी होते, आणि त्या दोघांच्याही लढाया तुमच्या जुन्या करारात आहेत, ज्याला तुम्ही पवित्र मानता.

या दहा वर्षांतलं सगळं गोड आहे असंही मी सांगणार नाही. खंदकच्या लढाईनंतर बनू कुरैझा या यहुदी टोळीवर दगाबाजीचा आरोप येऊन तिच्यातले पुरुष मारले गेले आणि बायका-मुलांना गुलाम केलं गेलं, असं सर्वांत जुनी मुस्लिम चरित्रंच सांगतात. वाचताना घशाखाली उतरत नाही. आणि त्याच चरित्रांत, ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर, ज्यांनी घरादारातून हाकललं त्या शहराला मोजके अपवाद सोडून माफी दिल्याचंही आहे. दोन्ही वाचायला हवं. एकच उचलून मैत्रिणीच्या तोंडावर मारायचं, हे इतिहासाच्या शिक्षिकेने करायचं काम नव्हे.

पाचव्या मुद्द्याबद्दल एवढंच म्हणते: त्या विषयावर खुद्द मुसलमान विद्वानांतही चर्चा होते, अभ्यासाच्या खोलीत तो जरूर काढता येतो. त्या मेसेजमध्ये तो अभ्यासासाठी घातलेला नव्हता, बोचण्यासाठी घातला होता. मी तो इथे उगाळणार नाही.

'एक प्रेमाने पसरला, दुसरा तलवारीने' यावर मात्र जरा थांबते, कारण यात तुमचं गाव येतं.

पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती धर्म सत्तेशिवाय पसरला, हे निर्विवाद. लोक सिंहांपुढे टाकले गेले, तरी वाढले. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, ३८० मध्ये थिओडोसियसने तो साम्राज्याचा धर्म केला, आणि त्यानंतर हातात दंडही आला. ७८२ मध्ये युरोपातला ख्रिस्ती राजा शार्लमेन याने हजारो सॅक्सन कैद्यांची कत्तल केली आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. १०९९ मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती फौजांनी, जेरुसलेम घेतलं तेव्हा मुसलमान आणि यहुदी दोघांच्याही रक्ताचे पाट वाहिले. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला बसलं ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत. आणि वसई? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून ती पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि किल्ल्याच्या भिंतींबरोबर चर्चंही उभी राहिली. तुमच्या पूर्वजांपैकी कोणी श्रद्धेने गेलं असेल, कोणी जमिनीसाठी, कोणी भीतीने. चारशे-साडेचारशे वर्षांनंतर तुमची श्रद्धा तुमचीच आहे, अस्सल आहे, तिला मी हात लावत नाही. पण 'प्रेमाने' हा शब्द वसईच्या किल्ल्यापाशी उभं राहून पुरा होत नाही.

उलट मुरूडकडे बघा. इस्लामची पहिली शंभर वर्षं विजयांची होती, हे खरं. ७११ मध्ये एक फौज स्पेनमध्ये उतरली आणि त्याच सुमारास दुसरी सिंधमध्ये. पण राज्य जिंकणं वेगळं आणि माणसं धर्मात येणं वेगळं. इजिप्त आणि इराणात बहुसंख्या मुसलमान व्हायला काही शतकं गेली. मधल्या काळात बाकीचे जिझिया भरून आपापल्या धर्मात राहत होते. तो दुय्यमपणाच होता, बरोबरी नव्हे. पण तलवारीच्या टोकावर धर्मांतर हे चित्र त्यात बसत नाही. इंडोनेशियात तर अरब फौज कधी गेलीच नाही. आणि आपल्या कोकणपट्टीवर, मुरूडपासून लांब नसलेल्या चौलला, १० व्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा प्रवासी आला तेव्हा त्याने तिथल्या मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजार लिहून ठेवली. राज्य हिंदू राष्ट्रकूटांचं. ही माणसं गलबतांवरून, व्यापारासाठी आली, इथल्या मुली केल्या, इथली बोली घेतली. तुमच्या मैत्रिणीचे पूर्वज त्यांच्यातले असू शकतात. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्तीही असेच, पोर्तुगीजांच्या कितीतरी शतकं आधीचे. पण मैत्रिणीलाही 'आमच्याकडे सगळं आलबेल होतं' असं म्हणता यायचं नाही: १४५३ मध्ये ख्रिस्ती कॉन्स्टंटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा शहर लुटलं गेलं आणि तिथल्या हागिया सोफिया या मोठ्या चर्चची मशीद झाली.

आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. या पाच फरकांच्या मेसेजात नेमकं तेच झालंय. आपल्या बाजूने येशूंचं डोंगरावरचं प्रवचन घ्यायचं आणि त्यांच्या बाजूने लढाई. प्रवचनासमोर प्रवचन ठेवा, फौजेसमोर फौज, सुलतानासमोर सम्राट. मग जे दिसेल ते न्यायाचं असेल.

वारशाबद्दल तुम्ही फार विचारलेलं नाही, पण एक गोष्ट तुमच्या मैत्रिणीच्या फळ्यावरचीच आहे म्हणून सांगते. बगदादमध्ये ९ व्या शतकात अल ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यातल्या 'अल जब्र' शब्दावरूनच 'अल्जिब्रा' आलं. भारतीय अंकांवरही त्याने लिहिलं. १२ व्या शतकात स्पेनमध्ये ख्रिस्ती भाषांतरकारांनी ते लॅटिनमध्ये नेलं. त्याच बगदादमध्ये ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणणारा सर्वांत मोठा माणूस हुनैन इब्न इसहाक, तो ख्रिस्ती होता. चौथ्या शतकात संत बेसिलने आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियात रोग्यांसाठी आणि निराश्रितांसाठी मोठं सेवागृह बांधलं. १२८४ मध्ये कैरोत उभं राहिलेलं इस्पितळ गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष सगळ्यांसाठी होतं. कोणाचा वारसा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, ते दाखवणारी रेघ मला तरी सापडलेली नाही.

म्हणून दोन्ही धर्म एकच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे दोघींच्या श्रद्धेचा अपमान. कुराणात येशूंना क्रूसावर मारलं गेलं नाही असं स्पष्ट आहे (सुरा म्हणजे अध्याय ४, आयत म्हणजे ओवी १५७), आणि क्रूसाशिवाय तुमचा शुभशुक्रवारही नाही, ईस्टरही नाही. तुम्ही त्यांना देवाचा पुत्र म्हणता, तिला ते म्हणवणार नाही. तुम्हाला महंमद पैगंबर म्हणून मान्य नाहीत, म्हणून तर तुम्ही ख्रिस्ती आहात. हा भेद मिटणारा नाही आणि मिटवायची गरजही नाही. १४ वर्षं तो तुमच्या दोघींच्या डब्यांमध्ये होताच की! जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात (ते त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये निघालं) एक कुटुंब कल्पिलंय: आई बौद्ध धर्म स्वीकारते, वडील बायबल वाचून ख्रिस्ती होतात, मुलगी कुराण वाचून महंमदी, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. त्यांनी कोणालाही दुसऱ्यासारखं व्हायला सांगितलेलं नाही. आणि एक बघा, त्या घरातला प्रत्येक जण पुस्तक वाचून त्या वाटेला गेलाय.

आता काय करायचं ते.

पहिलं, जिथे पाठवलात तिथेच मागे घ्या. स्टाफच्या ग्रुपवर, दोन ओळीत: मी न वाचता पाठवलं, ते चुकीचं आणि दुखावणारं होतं, मी माफी मागते. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असली पळवाट नको. दुखावल्या आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. भावाचं नाव पुढे करू नका. तिने यादी दाखवली, तीही घसरली, हा हिशेबही काढू नका. ते तिचं तिला कळेल.

दुसरं, तिला एकटीला गाठा, आणि तेव्हा वर मी लिहिलेलं काही सांगू नका. बद्र नाही, चौल नाही, शार्लमेन नाही. नुसती माफी मागा आणि ती जे बोलेल ते ऐका. रागाने बोलली तरी ऐका. लगेच बोलली नाही तर आठवडा जाऊ द्या.

तिसरं तिचं मन मोकळं झाल्यावर, आणि ते मात्र कराच. तिला सांगा, मला तुझ्याबरोबर सुरा मरियम वाचायची आहे. कुराणातली १९ वी. मरियम म्हणजे तुमची मारिया, कुराणात नावाने उल्लेखलेली एकमेव स्त्री. तिचं नाव तिथे ३४ वेळा येतं, नव्या करारातल्यापेक्षा जास्त. त्या सुरेत ती एकटी दूर निघून जाते, वेणा येतात तशी खजुरीच्या बुंध्याला धरते, आणि म्हणते की याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, खजुरीचं खोड हलव, ताजे खजूर पडतील. तुम्ही मारियेला माउली म्हणणाऱ्या, तुम्हाला ते वाचून काय होईल ते मी इथे बसून सांगू शकते. मराठीत भाषांतरं आहेत. विनोबांचं 'कुराण-सार' आहे, त्यांचंच 'ख्रिस्तधर्म-सार' आहे. दोन्ही एकाच हातची, हे तिलाही आवडेल.

या सुरेची एक आठवण मुस्लिम परंपरेने जपून ठेवलीय. ६१५ च्या सुमारास मक्केतला छळ सोसेना तेव्हा पैगंबरांनी काही अनुयायांना समुद्रापलीकडे हबशांच्या देशात, आजच्या इथिओपियाकडे, पाठवलं. तिथला राजा ख्रिस्ती होता. मक्केहून माणसं मागावर आली, या पळपुट्यांना आमच्या हवाली करा म्हणाली. राजाने निर्वासितांना विचारलं, तुमच्या त्या ग्रंथातलं काही म्हणून दाखवा. जाफर इब्न अबी तालिब पुढे झाले आणि त्यांनी सुरा मरियमची सुरुवात म्हटली. राजा रडला, म्हणतात, दाढी भिजेपर्यंत. त्याने मक्केवाल्यांच्या भेटवस्तू परत केल्या आणि या लोकांना ठेवून घेतलं. तुमच्या मैत्रिणीने ही गोष्ट लहानपणी ऐकली असण्याची शक्यता बरीच आहे. ती तिला सांगू द्या. तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका.

आणि माफी मागायला जाल त्या दिवशी डबा जरा मोठा न्या. लायब्ररीत खायला परवानगी नसेल तर तिला बाकावर परत यावंच लागेल.